ओठाला ग्रहण लागत नाही

मंडळी, आपल्याकडे फाटक्या ओठाचे मूल जन्मले की पहिला प्रश्न आईलाच. "ग्रहणात काय चिरलंस गो?" ती बिचारी आठवत बसते, विळीवर फणस घेतला होता की मासे!

आता हिशेब बघा. पोटातल्या बाळाचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधतो आणि टाळू तिसऱ्या महिन्यात. म्हणजे घरात धड कळलेलेही नसते, तोवर ओठाचे काम झालेले असते. आठव्या महिन्यातल्या ग्रहणाने तो फाटणार कसा? तो फाटत नाहीच, सांधायचा राहून जातो. तेव्हा सासूबाई, सुनेला बोल लावू नका. त्यापेक्षा बाळाचे वजन बघा.

कारण खरी अडचण दुधाची. टाळू उघडा असला की बाळाला ओढता येत नाही, दूध नाकातून येते. आईचे दूध वाटीत काढून, बाळाला उभे धरून बोंडल्याने किंवा चमच्याने थोडे थोडे पाजा. मधूनमधून खांद्यावर घेऊन ढेकर काढा. साधारण तीन महिन्यांचे, साडेचार-पाच किलोचे बाळ झाले आणि अंगात रक्त पुरेसे असले की ओठाची शस्त्रक्रिया होते. टाळूची वर्षाच्या आसपास, बोल फुटण्याआधी. "लावणी उरकू दे, गणपती होऊ देत" करीत वर्षे गेली, तर टाळू शिवूनही बोलणे नाकातच राहते.

पैशाची धास्ती नको. न्यूयॉर्कला स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून भारतात येऊन अशा शस्त्रक्रिया फुकट करीत. १९७८ च्या अपघाताने अंग लुळे पडले, पुढे कर्करोगाने स्वरयंत्र गेले, तरी चाकाच्या खुर्चीतून शिबिरे चालूच! २००१ साली पद्मश्री मिळाली, २०११ साली ते गेले. आता शिबिराची वाट बघायचे कारण नाही. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ही शस्त्रक्रिया मोफत होते. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. पण तेवढेही थांबू नका. अंगणवाडी ताई किंवा आशाताईंना आजच सांगा, त्या पुढची वाट दाखवतील.

एक लक्षात ठेवा. ठरल्या दिवशी बाळाला सर्दी-खोकला असला, तर डॉक्टर परत पाठवतात. भूल देणे धोक्याचे असते म्हणून. बरे वाटले की पुढची तारीख घेऊन पुन्हा न्या.