होडी, शीड आणि आमची भीमा

दौंडात बसून शिडाच्या होडीवर लिहितोय म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावरची मंडळी हसली. "गुरुजी, रेल्वेवर लिहा, उसावर लिहा. होडी कुठून काढलीत?" त्यांचंही बरोबर आहे म्हणा. पण लेकीच्या घरी गेली तीन वर्षं जे चाललंय ते पाहून माझं एक मत पक्कं झालंय, ते मांडल्याशिवाय राहवत नाही.

धाकटी लेक, जावई आणि दोन नातवंडं नेदरलँड्समध्ये असतात. (नातेवाइकांना माहीत आहेच, इतरांसाठी सांगितलं.) फ्रिसलंड हा त्यांचा प्रांत तळ्यांचा आणि कालव्यांचा. तिथं त्यांनी एक जुनी, सोळा फुटी शिडाची होडी विकत घेतली. एवढ्या लहान होडीला तिकडे परवाना लागत नाही. तरी शिकल्याशिवाय न्यायची नाही असं ठरवून चौघांनीही क्लासला नावं घातली.

धाकट्या नातवाला शिकायला दिली ती ऑप्टिमिस्ट नावाची होडी, जेमतेम सव्वादोन मीटर लांब आणि ३५ किलो वजनाची. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने मुलांसाठी प्लायवूडची, स्वस्तात होईल अशी बनवली, ती आता जगभर चालते. आणि सुरुवातीचाच धडा कोणता, तर होडी उलटवण्याचा! शिकवणारा मुद्दाम उलटवायला लावतो. मग पाण्यात पडलेल्या पोराने घाबरायचं नाही, होडी सोडायची नाही, तळाच्या फळीवर भार देऊन ती पुन्हा सरळ करायची आणि वर चढायचं. हे जमलं की पुढचं. मी ३६ वर्षं मास्तरकी केली, पण चुकण्याचाच सराव आधी करून घ्यायचा ही रीत मला तिथं पहिल्यांदा दिसली. फार आवडली.

मागच्या वर्षी आम्ही दोघं गेलो तेव्हा मला त्या होडीत बसवलं. शीड वर चढलं, वारा भरला आणि इंजिनाशिवाय होडी चालू लागली, तेव्हा या वयात अंगावर काटा आला. वारा जिकडून येतो तिकडे सरळ जाता येत नाही, साधारण ४५ अंशांत तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकं. आपल्या घाटरस्त्यासारखं. वळताना शिडाखालची आडवी काठी डोक्यावरून सपकन फिरते. सुकाणूवर तेरा वर्षांची नात होती. ती ओरडली, "आजोबा, मान खाली!" आणि लगेच, "बाबा, दोर सोडा, आत्ता!" ऑफिसात पंचवीस माणसांवर हुकूम चालवणारे आमचे जावई मुकाट्याने दोर सोडत होते. सुकाणू ज्याच्या हातात त्याचं सगळ्यांनी ऐकायचं, वय बघायचं नाही, हा त्या घराचा पाण्यावरचा नियम आहे. सौ.चं म्हणणं, जमिनीवरही लागू करा!

लेकीला दोन गोष्टी फार अवघड गेल्या. एक म्हणजे पोहणं. भीमेकाठी वाढलेली ही मुलगी चाळिशीच्या उंबरठ्यावर तिकडे पोहायला शिकली. तिथली मुलं पाच-सहाव्या वर्षीच शिकू लागतात आणि पहिल्या प्रमाणपत्रासाठी त्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी पोहून दाखवावं लागतं, कारण कालव्यात कोणी पोहण्याचे कपडे घालून पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आकाश वाचणं. वारा वाढायच्या आधी शीड लहान करायचं किंवा काठ गाठायचा, वाढल्यावर नाही.

इथं मला आपली उजनी आठवते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली. सहा जण गेले, त्यात दोन चिमुकली होती. एक जण पोहत काठाला लागला. वळवाचा वारा आपल्याला काय नवा आहे? मे महिन्यात दुपारनंतर ढग कधी दाटतील याचा अंदाज शेतकऱ्याला असतो. पण तो पाण्यावर कसा वापरायचा, हे शिकवणारं कोणी नाही.

उजनीचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. शिरूरचं तर जुनं नावच घोडनदी. म्हणजे दोन्ही तालुके पाण्याच्या शेजाराचे, आणि घरोघरी पोरांना पाण्याबद्दलचा एकच धडा, "नदीकडे फिरकू नकोस." मला वाटतं या धाकाने पोरं वाचत नाहीत. ती चोरून जातात आणि काही न शिकता जातात.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले. कबूल, शिडाची होडी सगळ्यांसाठी नाही. पण पाणी नसलेल्या मुलखाला समुद्राचं काय, असंही म्हणू नका. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिले, २०१८ साली तिथंच गेले. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांचा. त्यासाठी गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये ती प्रदक्षिणा पुरी केली. भीमेत मुळा-मुठेतून जे पाणी येतं, त्यातलं काही खडकवासल्याचं. त्याच खडकवासल्यावर एनडीएची मुलं शीड हाकायला शिकतात.

आता अडचणीही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला परदेशाचं वारं लागलं म्हणाल. भीमेचं पात्र म्हणजे फ्रिसलंडचं तळं नव्हे. वाळूउपशाने खड्डे पडलेत, वरून जलपर्णी, आणि पुण्याचं सांडपाणी. त्यात पोरांना उतरवा असं मी म्हणणार नाही. पण तालुक्याला एक स्वच्छ तलाव, चौथीपर्यंत प्रत्येकाला पोहणं, आणि उजनीत चालणाऱ्या प्रत्येक बोटीत माणशी एक लाइफ जॅकेट, अंगात घातलेलं, बाकाखाली कोंबलेलं नव्हे. एवढं मागायला काय हरकत आहे? आमच्या निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत हा विषय काढला तर एकाने विचारलं, पोरगं बुडालं तर जबाबदार कोण? मी म्हटलं, आत्ता बुडतात त्यांना कोण आहे?

नातवंडं डिसेंबरात येणार आहेत. भिगवणला रोहित पक्षी बघायचा हट्ट आहे. नातीने आधीच फोनवर विचारून घेतलंय, "आजोबा, जॅकेटं माझ्या मापाची आहेत का तिथं? नसली तर मी इकडून आणते."