तळाला राहूनही टिकलेला क्लब

नव्या संघाला किती वेळ द्यायचा? दक्षिण फ्रान्समधला कॅटलान्स ड्रॅगन्स हा क्लब २००६ मध्ये रग्बी लीगच्या इंग्लिश ‘सुपर लीग’मध्ये उतरला. पहिल्या सामन्यात विगनला हरवलं, पण हंगामाअखेर बारा संघांत बारावा! तेव्हा शेवटचा संघ खालच्या श्रेणीत जात असे. ड्रॅगन्सना मात्र तीन वर्षांचं अभय होतं. त्यामुळे अकरावा कॅसलफर्ड खाली गेला.

मला अभय योग्यच वाटतं. रोप पहिल्याच उन्हाळ्यात उपटायचं नसतं. पुढच्याच वर्षी ड्रॅगन्स चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात पोहोचले, २०१८ मध्ये तो जिंकलेही. पण त्या सवलतीची किंमत कॅसलफर्डने का मोजायची? एक वर्ष तेरा संघ खेळले असते, तर काय बिघडलं असतं?