क्लचपुढची टिक

सेकंड-हँड गाड्यांच्या मोठ्या शोरूममध्ये ग्राहकाच्या हाती तपासणीचा कागद दिला जातो. शंभर-दोनशे मुद्दे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, क्लच, टायर, आणि प्रत्येकापुढे टिक. हाच कागद आणि सोबतची वॉरंटी यांच्या भरवशावर ग्राहक चार पैसे जास्त मोजतो. नाहीतर तो ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन थेट मालकाकडेच गेला असता.

चार महिन्यांनी गाडी घाट चढेनाशी होते. इंजिन ओरडते, वेग वाढत नाही. वर्कशॉप सांगते, क्लचप्लेट संपली. वॉरंटीचा कागद पुढे केला की उत्तर तयार असते: क्लच हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत बसत नाही. वर एक शेराही मिळतो, तुम्ही हाफ क्लचवर चालवत असाल.

क्लचप्लेट झिजते हे कुणीच नाकारत नाही. पण नीट वापरली तर ती पन्नास-साठ हजार किलोमीटर सहज काढते. मग टिक मिळाल्यानंतर पाच-सहा हजारांत ती कशी संपली? विक्रीच्या दिवशीच ती शेवटच्या घटका मोजत असेल, तर टिक खोटी होती. ती धड असेल, तर तिला कशाने खाल्ले ते दाखवले पाहिजे. ‘झिजणारा भाग’ हे या दोन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही.

आणि उत्तर मिळू शकते. गिअरबॉक्स उतरवला की प्लेट स्वतःच बोलते. रिव्हेटपर्यंत सारखी घासली असेल, तर ती बहुधा जुनी झीज. करपलेली असेल आणि फ्लायव्हीलवर निळे डाग असतील, तर ती फार तापली. इथे चालवणाऱ्याकडे बोट दाखवता येते, पण आधी प्रेशर प्लेट पाहून. तेलाने माखली असेल, तर बहुतेक वेळा क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गळत असते. तो इंजिनाचा दोष, आणि इंजिन तर वॉरंटीत असते. ग्राहकाला मात्र यातले काहीच दाखवले जात नाही. एस्टिमेटवर सही घेतली जाते, नवा क्लच बसतो, जुनी प्लेट भंगारात जाते. पुरावाही तिच्यासोबत जातो.

मुळात ती टिक देतात कशी? गिअरबॉक्स न उतरवता प्लेट दिसत नाही. तपासनीस गाडी फिरवून पाहतो. त्यातून एवढेच कळते की क्लच आज घसरत नाही. टायरचे तर मोजमाप सहज होते. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की मोटारीचा टायर बाद. पण 1.7 मिलिमीटर उरलेल्या टायरलाही टिक मिळते आणि 6 मिलिमीटरवाल्यालाही. ब्रेक डिस्कवर तर किमान जाडीचा आकडा कोरलेलाच असतो. मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तरी आकडा लिहीत नाहीत, कारण लिहिलेला आकडा उद्या विचारता येतो.

केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम केले, ते एप्रिल 2023 पासून लागू झाले. विक्रेत्याने ताब्यातली गाडी कशासाठी, किती फिरवली याची नोंद ठेवायची, असे त्यात आहे. चांगले आहे. पण विकताना तिची ब्रेक पॅड किती उरली, हे लिहून देण्याची सक्ती नाही. दोष सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावरच राहते. त्याने ग्राहक आयोगात जायचे आणि भंगारात गेलेल्या प्लेटबद्दल तज्ज्ञाचे मत आणायचे. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात हे ओझे उलट आहे. व्यापाऱ्याने विकलेल्या वस्तूत, ती वापरलेली असली तरी, सहा महिन्यांत दोष निघाला, तर दुरुस्ती मागणाऱ्या ग्राहकापुरता तो ताबा दिल्याच्या दिवशीच होता असे धरले जाते. तसे नव्हते, हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. गाडीचे वय आणि किलोमीटर तिथेही जमेस धरतात, त्यामुळे रास्त झिजेचा भुर्दंड विक्रेत्यावर पडत नाही.

आपल्याकडेही हाच नियम हवा. टिक विक्रेत्याने केली, ती खरी होती हे त्यानेच दाखवावे. जिथे मोजता येते तिथे टिकऐवजी मिलिमीटर लिहावेत. जिथे येत नाही तिथे ‘फक्त चालवून पाहिले’ असे स्पष्ट लिहावे. तोवर ग्राहकाने एस्टिमेटवर सही करताना वर एक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी: काढलेले सर्व जुने भाग मला परत हवेत.