गळालाही हंगाम हवा

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये समुद्रातील ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले, म्हणजे त्या जातीचा मासा ज्या लांबीपेक्षा लहान असल्यास पकडता किंवा विकता येणार नाही ती लांबी निश्चित केली; त्यानुसार पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, तर सुरमईसाठी ३७० मिलिमीटर ही मर्यादा आहे. प्रत्येक माशाला मरण्यापूर्वी निदान एकदा अंडी घालण्याची संधी मिळावी, हा त्यामागील साधा आणि रास्त विचार होय. मात्र हा नियम प्रत्यक्षात राबवला जातो तो बंदरावर आणि बाजारात, आणि ज्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमावर तो उभा आहे त्याची सगळी बांधणी नौका, परवाना आणि जाळी यांच्याभोवती झालेली आहे. सुट्टीच्या दिवशी खडकावर छडी घेऊन उभा राहणारा, मासा न विकणारा हौशी मासेमार या रचनेत कुठेच ठळकपणे दिसत नाही.

इतरत्र तो दिसतो. ब्रिटनमध्ये सी-बास या माशाचा साठा घटला तेव्हा व्यावसायिक नौकांबरोबर हौशी मासेमारांवरही बंधने आली: २०१८ मधील बहुतेक काळ पकडलेला मासा सोडून देणे सक्तीचे होते, २०१९ मध्ये हंगामात माणशी दिवसाला एक मासा घरी नेण्याची मुभा मिळाली आणि २०२० मध्ये ती दोनवर गेली, किमान लांबी ४२ सेंटिमीटर कायम राहिली. साठा सुधारेल तशी सवलत वाढते हे लोकांना दिसले, की नियम पाळण्यामागे दंडाच्या भीतीपलीकडचे कारण उरते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांसाठी या चर्चेचे ठिकाण उजनीचा जलाशय हेच आहे. बारामती एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्या माणसाला समुद्र गाठायचा तर घाट उतरून अख्खा दिवस मोडावा लागतो, पण भिगवण, कुंभारगाव किंवा पळसदेवचे पाणी त्याच्या आवाक्यात असते. ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयावर भोई समाजासह शेकडो मच्छीमार कुटुंबांचे पोट अवलंबून आहे, आणि बारीक आसाच्या जाळ्यांनी मत्स्यबीजच उचलले जाते, ही त्यांची जुनी तक्रार आहे. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. तो जितका बारीक तितके लहान पिल्लू त्यात अडकते. तेव्हा समुद्राप्रमाणे येथेही लांबीची मर्यादा घालावी, हा विचार स्वाभाविकपणे पुढे येतो. जाळ्यांच्या बाबतीत तो योग्यच आहे, परंतु गळाच्या बाबतीत तो अपुरा पडतो, आणि का अपुरा पडतो ते मरळीकडे पाहिले की कळते.

मरळ पावसाळ्यात काठालगतच्या उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालते आणि नंतर आईबाप पिलांची राखण करतात. तांबूस पिलांचा दाट पुंजका हवा घेण्यासाठी वर येतो तेव्हा पाणी उकळल्यासारखे बुडबुडते आणि त्याच्या खालीच पालक मासा दबा धरून असतो. हौशी मासेमारांना ही खूण नेमकी ठाऊक असते. रबरी नकली बेडूक त्या पुंजक्यावरून ओढत नेला, की भूक नसतानाही मरळ त्याच्यावर तुटून पडते, कारण तिला तो पिलांवर आलेला शत्रू वाटतो. असा मासा कोणत्याही किमान लांबीपेक्षा मोठाच असणार, म्हणजे आकारमानाचा नियम त्याला मुळीच वाचवू शकत नाही. आणि तो निघून गेला, की राखण सुटलेली पिले इतर मासे आणि पाणपक्षी यांच्या तोंडी जातात. पकडून सोडून दिल्यानेही हे नुकसान पूर्ण भरून निघत नाही, कारण झुंज, गळ काढणे आणि छायाचित्र यांत जेवढा वेळ जातो तेवढा वेळ पिले उघडी पडतात. येथे एकच उपाय उरतो: पावसाळ्यात राखणीच्या मरळीवर गळ टाकायचा नाही.

याउलट चिलापी हा परदेशी मासा साठलेल्या पाण्यातही वारंवार वितो, अंडी आणि पिले तोंडात सांभाळतो आणि लहान वयातच प्रजननक्षम होतो. तो घरी नेल्याने जलाशयाचे फारसे बिघडत नाही. रोहू आणि कटला हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे उजनीत मुख्यतः सोडलेल्या बीजावर टिकून आहेत, त्यामुळे त्यांची लहान पिले पकडणे म्हणजे पेरलेले बी उकरून खाणे होय. एकाच पाण्यातील या माशांना तीन वेगळे नियम लागतात, म्हणून सरसकट बंदी किंवा सरसकट मुभा यांपैकी काहीही पुरेसे नाही.

जाणकार मासेमारांनी स्वतःच्या पद्धती बदलायला सुरुवात केली, तर हे अवघड नाही. सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, मासा आमिष घेऊन वळला की सरकत जाऊन बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, त्यामुळे घशात किंवा पोटात गळ अडकण्याचे प्रमाण घटते. टोकामागचा उलटा दात पकडीने दाबून सपाट केला, की गळ चटकन निघतो. मासा हातात घेण्यापूर्वी हात ओले करावे लागतात, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच थर त्याला रोगजंतूंपासून वाचवतो. सोबत मोजपट्टी ठेवणे ही तर सर्वांत स्वस्त सवय आहे.

शासनाचे काम त्यापुढचे आहे. विष आणि स्फोटके वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच मनाई केली आहे. आता मत्स्यव्यवसाय आणि जलसंपदा या दोन्ही खात्यांनी मिळून हौशी मासेमारांसाठी जातवार लांबी, माणशी संख्या आणि पावसाळी विश्रांती ठरवून ती काठावरच्या फलकांवर सोप्या मराठीत लावावी. उजनीची पातळी उणे होते, म्हणजे उपयुक्त साठा संपून पाणी मृत साठ्यात उतरते, तेव्हा मासे थोड्या जागेत दाटतात आणि सहज हाती लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हीच अवस्था होती. अशा वेळी छंदाला आपोआप आवर घालणारी तरतूद त्या नियमांत असली पाहिजे. ते ठरवताना ज्यांची चूल या पाण्यावर पेटते त्या मच्छीमारांचा शब्द आधी ऐकला जावा. छंद काही महिने थांबू शकतो, पोट थांबू शकत नाही. म्हणून पहिला संयम हौशी मासेमारानेच दाखवावा, आणि त्यासाठी शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.