डीजेच्या भाड्यात किती पेट्या येतात?

गेल्या डिसेंबरातील गोष्ट. नांदेडच्या एका शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. आमच्या वस्तीतील सातवीच्या एका मुलीने भीमगीत म्हणायचे ठरविले. वर्गशिक्षिकेने तिला सांगितले, ‘हे नको, देशभक्तिपर काहीतरी घे.’ मुलीचे वडील मोंढ्यात हमाली करतात. ते संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, शाळेला नोटीस द्या.’ नोटीस द्यायला वकिलाला काय लागते? एक कागद आणि टपालखर्च. तरीही आधी तोंडी बोलून पाहावे म्हणून दुसऱ्या दिवशी कोर्टात जाण्यापूर्वी शाळेत गेलो.

ज्यांनी या देशाची राज्यघटना लिहिली त्यांच्यावरचे गीत देशभक्तिपर नाही हे कोणी ठरविले, असे मी मुख्याध्यापकांना विचारले. त्यांना उत्तर देता आले नाही. मग म्हणाले, ‘साहेब, खरे सांगू का, आमच्याकडे गाणे बसवून घेणारेच कोणी नाही. संगीताचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही. बाकीची मुले मोबाईलवरच्या गाण्यावर नाचतात. हिला साथ कोण करणार?’ आणि त्यांनी कपाट उघडून पेटी दाखविली. भाता उंदरांनी कुरतडलेला, पट्ट्यांवर धूळ. शिक्षिकेच्या मनातली अढी खरी होती आणि मुख्याध्यापकांची अडचणही खरी होती. वकिली करणाऱ्याला अशा दोन खऱ्या गोष्टी एकाच फाईलमध्ये सापडल्या की कठीण जाते.

शेवटी त्यांनी परवानगी दिली. ‘साथीदार तुमचा तुम्ही आणा’, एवढी एकच अट घातली. मी हो म्हणून आलो. आमच्या वस्तीला ढोलकीवाल्याची काय कमतरता, अशा घमेंडीत होतो. लहानपणी आमच्याकडे दोन गायन पार्ट्या होत्या. कव्वालीचे सामने पहाटेपर्यंत चालायचे आणि आम्ही पोरे आईच्या मांडीवर झोपी जायचो. चार दिवस शोधले. पन्नाशीच्या आतला, ढोलकीला थाप देता येणारा एकही माणूस वस्तीत सापडला नाही. साऊंड सिस्टीम भाड्याने देणारे मात्र तिघे निघाले.

शाळेला द्यायची नोटीस मग माझ्या खिशातच राहिली. ती आधी कोणाला द्यावी, हा प्रश्न पडला.

आपल्या चळवळीत गाणे ही कधीच करमणूक नव्हती, हे या दैनिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. सत्यशोधकांनी जलसा उभा केला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी तो आंबेडकरी विचारांसाठी गावोगाव नेला. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याला महाड आणि काळाराम जलशातून कळले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी. तरी १५ मे २००४ रोजी ते गेले तेव्हा त्यांची गाणी महाराष्ट्राच्या प्रत्येक बौद्धवाड्यात तोंडपाठ होती. मराठवाड्यात तर नामांतराची १६ वर्षे आपण गाण्यावर काढली. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे १९७८ साली गेले, गौतम वाघमारे यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये याच नांदेडात आत्मदहन केले. या माणसांची नावे शाळेच्या पुस्तकाने आमच्या पिढीला सांगितली नाहीत, गायन पार्टीने सांगितली.

गाण्याची धास्ती समोरच्यालाही आहे. २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाला ठार मारल्याची फिर्याद झाली. जून २०२३ मध्ये नांदेडच्या वेशीवरील बोंढार हवेलीत आपला एक तरुण मारला गेला. गावात भीमजयंती काढल्याचा राग हे त्यामागचे कारण, असे त्याच्या घरच्यांनी फिर्यादीत सांगितले. ज्या गाण्यापायी जीव जातात ते गाणे आपल्या मुलांना गाता येत नाही, फक्त वाजवता येते आणि तेही बटण दाबून. याला काय म्हणावे?

ती गाणी तयार कशी झाली हेही आठवून पाहा. कोणत्याही विद्यालयात नव्हे. पोरगा आधी कोरसला उभा राही. मग टाळ, खंजिरी, मग ढोलकी, आणि बुवांचा घसा बसला की एखाद्या रात्री मुख्य आवाज त्याचा. हीच आपली शाळा होती. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. कॅसेट आली तशी ती थोडी ओसरली आणि डीजे आला तशी बंद पडली. कारण डीजेला कोरस लागत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० नंतरच्या आवाजाबद्दल कडक निकाल दिला. जयंतीनंतर दरवर्षी आपल्याच मुलांचे जबाब आणि जामीन करताना हे नियम मला तोंडपाठ झाले आहेत. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात चांगली पेटी, ढोलकी, दोन-तीन डफ येतात आणि वरून शिकविणाऱ्याला काही महिन्यांचे मानधनही निघते. हा हिशेब कोणत्याही जयंती मंडळाच्या खजिनदाराने करून पाहावा.

विहारात गाण्याचा वर्ग काढू म्हटले तर एक आक्षेप हमखास येतो. अष्टशीलात नृत्य, गीत, वादन वर्ज्य आहे ना? आहे. परंतु ते उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्या उपासकासाठी आणि श्रामणेर-भिक्खूंसाठी आहे. पंचशील घेणाऱ्या सातवीच्या मुलीसाठी नाही. कायद्याचे कलम कोणाला लागू आहे हे पाहिल्याशिवाय आम्ही युक्तिवाद करीत नाही, तोच न्याय इथे लावावा. आणि तथागतांना संगीत अपरिचित होते असे थोडेच आहे? अतिश्रमाने खचलेल्या सोण भिक्खूला त्यांनी वीणेचे उदाहरण दिले: तार फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. सक्कपञ्ह सुत्तात पंचशिखाच्या वीणेचा आणि कंठाचा मेळ जमल्याचे ते कौतुक करतात. खुद्द बाबासाहेब उतारवयात एवढ्या कामांच्या रगाड्यात व्हायोलिन शिकत होते. आता यावर आणखी कोणती साक्ष हवी?

याहून अवघड प्रश्न हलगीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. वर्गात हलगी शिकवू असे मी बोललो तेव्हा वस्तीतील एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, ‘आमच्या बापजाद्यांनी गावकीची कामे सोडायला मार खाल्ला आणि तुम्ही पोरांच्या गळ्यात पुन्हा चामडे अडकवता?’ त्यांचे चूक नव्हते. नांदेड-लातूरच्या खेड्यांत मातंग बांधवांना अजूनही लग्नाला, मयताला, पोळ्याला ‘वाजवायला या’ असे सांगितले जाते. विनंती नव्हे, सांगितले जाते. नाही म्हटले तर मजुरी बंद होते. असे वाजविणे ही कला नव्हे, ती वेठ आहे. माझ्या मते फरक एकाच ठिकाणी आहे: न वाजविण्याचा अधिकार वाजविणाऱ्याकडे आहे की नाही. तमिळनाडूत पराईची गत हीच होती. मयताचे, अपमानाचे वाद्य. तिथल्या दलित तरुणांनी ते मयताच्या दारातून उचलून मंचावर आणले आणि मुलांना, मुलींनाही, शिकवायला घेतले. चेन्नईत हे काम करणाऱ्या एका पथकाने नावच बुद्धाचे घेतले आहे, ‘बुद्धर कलै कुळू’. आपल्या विहारात बौद्ध मुलगा मातंग वादकाकडून हलगी शिकेल, त्यांना ‘सर’ म्हणेल आणि महिन्याच्या महिन्याला मानधन देईल, तेव्हा त्या वाद्याची जात थोडी तरी गळेल. ते ज्येष्ठ अजून मला मिळालेले नाहीत. वाद चालू आहे.

आपल्या गावातच पाहायला शिकावे असे बरेच आहे. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात शीख मुले लहानपणापासून पेटी-तबल्यावर बसतात. त्यांचा ग्रंथच रागांनी लावलेला आहे आणि त्यात नरसीचे नामदेव आहेत, कबीर आहेत, रविदास आहेत. आळंदीत वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासून मुलांना कीर्तन-मृदंग शिकविते. चोखोबांना पायरीशी ठेवणाऱ्या परंपरेशी आपले भांडण आहेच आणि राहील, पण पोरांना शिकविण्याची त्यांची शिस्त घ्यायला हरकत काय? आपल्याकडे दाभडच्या बावरीनगरात दरवर्षी पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते, लाखाच्या गोष्टी होतात. पण त्या मंचावर मुलांचा एखादा समूह स्वतः तयार होऊन गातो असे किती वेळा घडते?

शाळेलाही मोकळे सोडायचे नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ची अनुसूची काढून वाचा. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवाच, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होते? कला विषयाला सगळ्यांना श्रेणी मिळते, गाणे न गाता. राज्यगीतही बऱ्याच शाळांत स्पीकरवर लागते आणि मुले ओठ हलवितात. लातूर पॅटर्नबद्दल तर बोलायची सोय नाही. गुणांच्या शर्यतीत आमचीही मुले आहेत आणि ती पुढे आली पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण गंमत अशी की शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याला शासन दहावीत वाढीव गुण देते. म्हणजे ज्याच्या बापाला खासगी क्लासची फी परवडते त्याला रागाचेही गुण मिळतात. हमालाच्या मुलीला शाळेने सरगम शिकविलीच नाही, तर ती परीक्षेला बसणार कशी? व्यवस्थापन समितीत पालक म्हणून बसलेल्या आपल्या बांधवांनी पोषण आहाराबरोबर हाही प्रश्न लेखी विचारावा. तोंडी विचारलेले इतिवृत्तात येत नाही.

त्या मुलीचे गाणे झाले. बासष्ट वर्षांचे एक निवृत्त सफाई कामगार शोधून काढले, त्यांनी बारा-पंधरा वर्षांनी ढोलकीला शाई भरून घेतली. मधल्या कडव्यात ती लयीत चुकली. काकांनी ठेका धरून ठेवला आणि ती परत आली. नोटीस मागायला आलेले तिचे वडील मागच्या रांगेत उभे होते. त्यानंतर दर रविवारी सकाळी वंदना झाली की विहारात वर्ग भरतो. नऊ मुले येतात, त्यांत पाच मुली. पेटी उसनी आहे. मार्चमध्ये जयंती मंडळाच्या बैठकीत मी डीजेऐवजी पेटी घ्या असा ठराव मांडला आणि तो मोठ्या फरकाने पडला. तरुणांनी मला ‘काका, वर्षातून एकदाच तर असते’ असे हसत ऐकविले. हिशेबात उरलेले अकराशे रुपये मात्र वर्गाला दिले, त्यात दोन डफ आले. पुढची बैठक धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर आहे. पेटीचा विषय मी पुन्हा लेखी दिला आहे आणि या वेळी तो विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घ्यायला लावला आहे.