स्टिकर काय सांगतो, प्रोसेसर काय सांगतो

रविवारी दुपारी जेवण आटोपून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात चुलत बहिणीचा फोन आला. तिची मुलगी बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजने सांगितले, लॅपटॉप हवाच. भिशीचा नंबर लागला होता, त्यातली रक्कम बाजूला काढून ठेवलेली. नवा घेणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानात वापरलेला पाहून आली होती. "भाईजान, आय-सेव्हन आहे. दुकानदार म्हणतो, आय-फाइव्हच्या वरचा. स्टिकरपण आहे. घेऊन टाकू?"

मी म्हटले, आज नको, उद्या मी येतो. पैसे एकदाच येणार होते आणि मुलीला त्या यंत्रावर पुरती तीन वर्षे काढायची होती. चुकले तर दुसरी भिशी लागेपर्यंत बसून राहावे लागले असते.

दुकानदार माणूस चांगला होता. लॅपटॉप पुसूनपासून समोर ठेवला. कीबोर्डच्या खाली उजव्या हाताला निळा स्टिकर, त्यावर आय-सेव्हन. शेजारीच जरा ओरखडे पडलेला दुसरा लॅपटॉप होता. त्याच्यावर आय-फाइव्हचा स्टिकर, किंमत थोडी कमी. दुकानदाराने दोन्हींचा वेगही सांगितला. पहिल्याचा २.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा १.६. बहिणीने माझ्याकडे पाहिले. मोठा आकडा, मोठे नाव, स्वच्छ अंग. आणखी विचारायचे काय?

विचारायचे होते ते यंत्रालाच. लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे सारी आकडेमोड करणारी मुख्य चिप, स्वतःची ओळख स्वतःजवळ बाळगून असते. १९९३ साली पेंटियम आला तेव्हापासून इंटेलच्या चिपमध्ये एक सोय आहे. कार्यप्रणालीने "तू कोण?" असे विचारले, की चिप आपले घराणे, मॉडेल आणि बनावट सांगते. सुरुवातीला बारा अक्षरी सही असते. इंटेलची चिप 'जेन्युइनइंटेल' म्हणते, ए.एम.डी.ची 'ऑथेंटिकएएमडी'. हे उत्तर वाचायला कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. कमांडची काळी खिडकी पुरते.

विंडोजमध्ये ती उघडणे सोपे आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून ठेवून 'आर' दाबा. छोटी चौकट येईल. त्यात सी, एम, डी ही तीन अक्षरे लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडली की 'सेट प्रोसेसर' लिहायचे, इंग्रजी अक्षरांत, दोन शब्दांमध्ये एक मोकळी जागा सोडून. पुन्हा एंटर. चार ओळी येतात. मी भाचीलाच पुढे बसवले. तिने टाईप केले आणि एकदम म्हणाली, "मामू, फसवलं! यात ए.एम.डी. लिहिलंय, हा इंटेलचा नाहीच!"

दुकानदाराचा चेहरा पडला. त्याची काही चूक नव्हती. पहिली ओळ रचनेची असते आणि तिथे 'एएमडी ६४' असे येते, चिप इंटेलची असली तरी. त्याचे कारण जुने आहे. आजच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये जी ६४ बिटांची रचना चालते ती प्रथम ए.एम.डी. कंपनीने आखली. २००३ साली तिचे प्रोसेसर बाजारात आले, आणि पुढच्याच वर्षी इंटेलने तीच रचना आपल्या चिपमध्ये घेतली. आखणाऱ्याचे नाव त्या ओळीत राहून गेले. म्हणून घाबरू नका. चिप कोणाची, हे दुसऱ्या ओळीच्या शेवटी पाहायचे. तिथे 'जेन्युइनइंटेल' होते.

त्याच ओळीत लिहिले होते: फॅमिली ६, मॉडेल ६१, स्टेपिंग ४. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण ते नेटवर शोधले की चिपची पिढी कळते. इथे निघाली पाचवी. दुसऱ्या लॅपटॉपवर तीच आज्ञा दिली: फॅमिली ६, मॉडेल १४२, स्टेपिंग १०. म्हणजे आठवी पिढी. यात एक गंमत आहे. याच पातळ लॅपटॉपांच्या मालिकेत सातव्या पिढीचेही मॉडेल १४२ च येते, फक्त स्टेपिंग ९ असते. नऊ आणि दहा, एवढाच फरक. पुढे सांगतो तो किती महागात पडू शकतो.

विंडोजमध्ये दिसणारे प्रोसेसरचे नाव कोणी खटपट्याने बदलूनही ठेवलेले असू शकते. त्या दुकानात तसे काही नव्हते, पण वापरलेले यंत्र घेताना मी दुकानातल्या विंडोजवर थांबत नाही. खिशात उबुंटू लिनक्स घातलेला पेन ड्राइव्ह असतो. यंत्र त्यावरून सुरू करायचे, 'इन्स्टॉल' न करता नुसते 'करून पाहा' निवडायचे. आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. मग कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबले की टर्मिनल उघडते. त्यात एल, एस, सी, पी, यू ही पाच अक्षरे सलग, लहान लिपीत लिहून एंटर करायचे. या आज्ञेइतके नीटनेटके उत्तर दुसरीकडे क्वचित मिळते.

आय-सेव्हनने आपले पूर्ण नाव सांगितले: आय-७ ५५००यू. आय-फाइव्हने सांगितले: आय-५ ८२५०यू. चार आकड्यांतला पहिला आकडा पिढीचा. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे पाहायचे. शेवटचा 'यू' म्हणजे कमी वीज खाणारी, पातळ लॅपटॉपची चिप. पहिली २०१५ च्या सुरुवातीला आलेली, दुसरी २०१७ च्या उत्तरार्धात. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे एकाच पिढीतले दर्जे आहेत. वेगवेगळ्या पिढ्यांमध्ये त्यांची तुलना करणे म्हणजे १९८५ सालच्या मॅट्रिकचे टक्के आजच्या दहावीच्या टक्क्यांशी ताडून पाहण्यासारखे.

बहिणीला मात्र हे पटेना. "पण मोठा आकडा तर त्याचा आहे." मग पुढच्या ओळी वाचल्या. कोअर, थ्रेड, सॉकेट. इथे मी आमच्याकडच्या लग्नाचा भटारखाना आठवायला सांगितला. कोअर म्हणजे बावर्ची. थ्रेड म्हणजे त्याच्यापुढची देग. एका बावर्चीपुढे दोन देगा ठेवल्या, तर एकीला उकळी येईपर्यंत तो दुसरी ढवळतो, रिकामा बसत नाही. पण दोन देगा म्हणजे दोन बावर्ची नव्हेत. आय-सेव्हनच्या उत्तरात सीपीयूपुढे ४ होते, पण खाली पाहिले तर कोअर २ आणि प्रत्येक कोअरमागे थ्रेड २. म्हणजे बावर्ची दोनच. आय-फाइव्हकडे कोअर ४ आणि थ्रेड ८. चार बावर्ची, आठ देगा. आकड्याने लहान म्हणवणारा कामाला दुप्पट माणसे घेऊन बसलेला.

आणि तो २.४ व १.६ चा हिशोब? तो संथ चालीचा वेग. काम पडले की चिप धावू लागते. आज्ञेच्या उत्तरात कमाल वेगाची ओळ असते, तिथे पहिल्यापुढे ३००० आणि दुसऱ्यापुढे ३४०० मेगाहर्ट्झ होते. म्हणजे धावण्यातही आय-फाइव्ह पुढे. दुकानदाराने सांगितलेला आकडा खोटा नव्हता, तो नावाच्या शेवटी छापलेलाच असतो. कामाचा आकडा मात्र खाली दडलेला होता. कॅशची ओळही पाहिली. कॅश म्हणजे बावर्चीच्या हाताशी ठेवलेला मसाल्याचा डबा. त्यातले संपले की कोठारापर्यंत, म्हणजे रॅमपर्यंत, जावे लागते. तिसऱ्या पातळीचा डबा एकाचा ४ एमबी, दुसऱ्याचा ६.

याच उत्तरात 'फ्लॅग्ज' नावाची लांबलचक ओळ येते, ती चिपला काय काय येते याची यादी. भाचीच्या अभ्यासक्रमात पुढे एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालवायचे आहे. त्यासाठी इंटेलच्या चिपमध्ये 'व्हीएमएक्स' आणि ए.एम.डी.च्या चिपमध्ये 'एसव्हीएम' हा शब्द शोधायचा. दोन्ही लॅपटॉपवर व्हीएमएक्स होता. शेवटी चिपमधल्या उणिवांची यादी येते, २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टरसकट. तिथे 'मिटिगेशन' हा शब्द दिसला तर कार्यप्रणालीने त्या उणिवेवर पांघरूण घातलेले असते. दोन्हीकडे तसेच होते.

आता त्या नऊ-दहाचा मुद्दा. विंडोज १० ची मोफत सुरक्षा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून आणखी वर्षभराची मुदत आहे, एवढेच. विंडोज ११ साठी कंपनीने प्रोसेसरची जी यादी दिली ती इंटेलच्या बाबतीत, दोन-चार अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे त्या चकचकीत आय-सेव्हनला कंपनीच्या नियमाने विंडोज ११ मिळणार नव्हते. युक्त्या करून ते घालणारे आहेत, पण शिकणाऱ्या मुलीच्या गळ्यात ती कटकट मी बांधणार नाही. लिनक्सवर मात्र तोच लॅपटॉप पुढेही छान चालेल. घरात पत्रव्यवहार, व्हिडिओ आणि हिशोबापुरते यंत्र हवे असेल तर तो टाकाऊ नाही, त्याची किंमत तेवढी हवी.

घ्यायचा कोणता हे मग बहिणीनेच ठरवले. ओरखड्यांचा लॅपटॉप घेतला.

त्याच आठवड्यात मोहल्ल्याच्या वाचनालयातून निरोप आला. तिथले चार जुने संगणक भंगारात द्यायचे ठरत होते. कोणा विद्यार्थ्याने कधीतरी त्यांत लिनक्स घातले होते आणि आता नवा ब्राउझर बसत नव्हता. तिथे दोन आज्ञा दिल्या. 'यूनेम', मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि लहान एम, ही पहिली. तिचे उत्तर आले 'आय६८६'. म्हणजे आतली कार्यप्रणाली ३२ बिटांची. लिनक्सवरचा ३२ बिटांचा क्रोम गूगलने २०१६ सालीच थांबवला, मग बसणार कसा! दुसरी आज्ञा आपली पाच अक्षरांची. तिने सांगितले, ही चिप ३२ आणि ६४ दोन्ही बिटांत चालू शकते. रोग यंत्रात नव्हता, आत घातलेल्या कार्यप्रणालीत होता. पहिली आज्ञा घरात कोण राहते ते सांगते, दुसरी घर केवढे आहे ते. दोन्ही विचारल्याशिवाय यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवू नये. चारांपैकी तिघांत ६४ बिटांचे हलके लिनक्स घातले, मुले त्यांवर परीक्षेचे फॉर्म भरतात. चौथ्याचा वीजपुरवठा जळालेला होता, तो गेला.

आखाती देशांतून नातेवाईक लॅपटॉप आणतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. हल्ली काही पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये मोबाइलसारखी 'आर्म' रचनेची चिप असते. बॅटरी बराच वेळ पुरते, यंत्र तापत नाही. 'सेट प्रोसेसर' लिहिले की पहिल्या ओळीत 'आर्म ६४' येते. नेहमीची बरीच सॉफ्टवेअर त्यावर दुभाष्याकरवी चालतात, पण प्रिंटरचा ड्रायव्हर तसा चालत नाही, तो त्याच रचनेचा लागतो. आमच्या एका भाच्याने दुबईहून असा लॅपटॉप वडिलांच्या दुकानासाठी आणला आणि बिल छापणारा जुना प्रिंटर मुकाच राहिला. घेण्यापूर्वी ती एक ओळ पाहिली असती तर बरे झाले असते. अॅपलच्या मॅकवरही यूनेमची तीच आज्ञा चालते. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम-१ पासून पुढच्या चिपवर उत्तर 'आर्म ६४' येते, त्याआधीच्या इंटेलवाल्या मॅकवर 'एक्स८६_६४'. डाउनलोड करताना दोन-तीन फाइली समोर आल्या तर कोणती आपली, हे यावरून ठरवावे.

दुकानातून निघताना दुकानदाराने बिलाच्या मागे दोन्ही आज्ञा माझ्याकडून लिहून घेतल्या. भाची तोवर तिसरा लॅपटॉप उघडून बसली होती, घ्यायचा नसताना. बहीण मात्र पिशवीची चेन लावता लावता थांबली. "भाईजान, त्याने सगळं सांगितलं. बॅटरी किती टिकेल ते कुठं सांगितलं?"

ते या आज्ञेत येत नाही. बॅटरीची आज्ञा वेगळी आहे, ती पुढच्या अंकात.