पुलाचा फोटो आणि पाठीवरची तारीख

नव्या मुंबईतल्या तळवलीचे नाव काढले की आज उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातली ही गावे मूळची भातशेतीची, मिठागरांची आणि मासेमारीची. १९७० नंतर नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, बांध बुजले. ते जुने रूप आता म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात सापडते, नाहीतर पेटीच्या तळाशी पडलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोंत.

याच खाडीवर, तळवलीच्या उत्तरेला ठाण्याजवळ, देशातल्या अगदी पहिल्या रेल्वेपुलांपैकी एक उभा राहिला. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. खाडी ओलांडून ती कल्याणला पोहोचली १ मे १८५४ रोजी. त्याच साली मुंबईत फोटो काढणाऱ्यांची संस्था निघाली. डॉ. नारायण दाजींसारखी आपली मंडळीही तिच्यात होती. म्हणजे आपल्याकडे रेल्वेचा पूल आणि कॅमेरा जवळजवळ जोडीनेच आले म्हणा ना!

त्या काळी काचेवर औषध लावून, ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. त्याला काही सेकंद तरी लागत. पूल हलत नाही, म्हणून त्याचा दगड न् दगड स्वच्छ उमटे. माणूस हलला की मात्र नुसता धूर दिसे. भोर घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. पतीच्या निधनानंतर तिथले कंत्राट पुढे चालवणाऱ्या ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावावर या बांधकामाचे फोटो आहेत. पण तिथे हजारो मजूर राबले, त्यांची नावे कोणत्या फोटोखाली आहेत? पूल टिपला गेला, बांधणारे हात बिननावाचे राहिले. आपण तरी ही उणीव ठेवू नये.

पुलाचाही भरवसा धरू नये. याच भोर घाटातला एक मोठा दगडी पूल चार वर्षांतच, १८६७ साली कोसळला. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. कालपर्यंत ज्यावरून आपण बाजाराला जात होतो तो पूल उद्या असेलच असे नाही.

म्हणून आपल्या गावच्या जुन्या पुलाचा फोटो जरूर काढा. मोबाइल चालेल. ऊन तिरपे असते तेव्हा, सकाळी किंवा संध्याकाळी, बाजूने काढा. म्हणजे सांधे, भेगा आणि पुराच्या पाण्याच्या खुणा सावलीने उठून दिसतात. काळ्यापांढऱ्यात रंगाची भूल पडत नाही, दगडाचा पोत कळतो. पण हिरवे शेवाळ आणि तांबडा दगड त्यात सारखेच करडे दिसू शकतात, तेव्हा रंगीत प्रतही ठेवा. पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक, असे दोन फोटो दरवर्षी त्याच जागेवरून घ्या. भेग वाढली असेल तर दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसेल, आणि ग्रामपंचायतीत दाखवायला पुरावाही होईल. मात्र पूर असताना काठावर किंवा रेल्वेच्या रुळावर फोटोसाठी कोणी जाऊ नये.

पुलाजवळ घरातले एखादे माणूस उभे करा. त्यामुळे पुलाची उंची समजते. फोटो छापून घ्या आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने तारीख, जागा, माणसांची नावे लिहा. बॉलपेनने लिहिले तर पुढच्या बाजूला वळ उठतात.

जुने फोटो ओल्या भिंतीवर टांगू नयेत. काचेला थेट चिकटू देऊ नयेत, प्लास्टिकमध्ये कायमचे बंदही करू नयेत. कोरड्या जागी, कागदाच्या पाकिटात ठेवावेत.

येत्या दिवाळीला सगळी मंडळी जमली की पेटी उघडा. आजीच्या मांडीवर एकेक फोटो ठेवा आणि विचारा, हे कोण, हा पूल कुठला, पाणी कुठवर आले होते? ती सांगेल ते मुलांकडून तिथल्या तिथे पाठीवर लिहून घ्या.